एम्स नागपूर की केईएम : दोन्ही जागा हातात असताना

ऑगस्टमधल्या एका सोमवारी संध्याकाळी राज्याच्या सीईटी सेलची एमबीबीएस प्रवेशाची पहिली निवड यादी लागली. ओळखीतल्या एका मुलीला परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, म्हणजे सगळे ज्याला केईएम म्हणतात ते, मिळालं होतं. तोवर तिचा प्रवेश नागपूरच्या एम्समध्ये होऊनही गेला होता. ओरिजिनल कागदपत्रं तिथं जमा होती, फी भरलेली होती, घरात पेढे वाटून झाले होते. त्याच रात्री दवाखाना बंद करायच्या वेळी तिचे वडील आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता काय करावं? दोन्ही चांगलंच आहे, म्हणूनच झोप उडाली."

ती अडचण खरी होती. एक जागा चांगली आणि एक बेताची असती तर प्रश्नच नव्हता. इथं दोन्ही जागा अशा होत्या, की त्यांतली एक मिळावी म्हणून मुलं दोन-दोन वर्षं रिपीट करतात.

मुलगी लातूरची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, आई घर आणि थोडी शेती बघते, धाकटा भाऊ नववीत. नीटमध्ये ऑल इंडिया रँक हजाराच्या आत, प्रवर्ग खुला. शिकवणी, टेस्ट सिरीज आणि अभ्यासिका यांत तिची दोन वर्षं गेली होती, आमच्याकडच्या बहुतेक मुलांची जातात तशीच. अभ्यासात कुठंच कमी नाही, पण अनोळखी माणसाशी बोलताना नजर खाली. हा तपशील पुढं महत्त्वाचा ठरला म्हणून आधीच सांगतो.

एकाच मुलीच्या हातात दोन जागा कशा येतात, हे गुरुजींच्या नातेवाइकांपैकी अनेकांना कळत नव्हतं. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा आणि एम्सच्या सगळ्या जागा दिल्लीची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी देशपातळीवर भरते. उरलेल्या ८५ टक्के जागा आपल्या राज्याची सीईटी सेल भरते. यंत्रणा वेगळ्या, तारखा वेगळ्या, याद्याही वेगळ्या. दिल्लीच्या कमिटीची पहिली यादी आधी लागली, तीत एम्स नागपूर मिळालं. राज्याची यादी नंतर आली. पहिल्या फेरीत घेतलेली जागा ठरलेल्या मुदतीत सोडली, तर अनामत रक्कम जप्त होत नाही. दुसऱ्या फेरीपासून नियम कडक होतात. म्हणजे निर्णयाला काही थोडेच दिवस होते. त्यातही ओरिजिनल कागदपत्रांचा संच एकच, त्यामुळे दोन्हीकडे पाय ठेवून वाट बघायची सोय नव्हती.

पहिला सल्ला पुण्याच्या मामांचा आला. "एम्स सोडतात का कुठं! कटऑफ बघा ना." हे कटऑफचं प्रकरण मला नेहमीच खटकतं. एम्सची जागा देशभरातल्या मुलांच्या एकाच रांगेतून भरते. केईएमच्या राज्य कोट्यात फक्त महाराष्ट्रातल्या मुलांची रांग असते. दोन वेगळ्या रांगांत शेवटचा माणूस कुठं उभा होता, यावरून कॉलेजातलं शिक्षण कसं आहे हे कसं ठरणार? कटऑफ एवढंच सांगतो, की आधीच्या वर्षीच्या मुलांनी काय पसंत केलं. आणि त्यांनी ते का पसंत केलं, तर त्याच्याही आधीच्या मुलांनी केलं म्हणून. गुरुजींना मी तो रकाना त्यांच्या तुलनेच्या वहीतून खोडायला लावला.

दुसरा सल्ला उलट बाजूचा, माझ्याच एका डॉक्टर मित्राचा. "केईएमला पेशंटचा पूर असतो. एम्सला काय, नवीन इमारती." हेही तपासून बघितलं. केईएमला १,८०० हून जास्त खाटा आणि दर वर्षी एमबीबीएसची २५० मुलं. एम्स नागपूरचा आराखडा ९६० खाटांचा आणि दर वर्षी १२५ मुलं. भागाकार केला तर दोन्हीकडे एका बॅचमधल्या मुलामागं साधारण सात ते पावणेआठ खाटा येतात. पुराचा मुद्दा निम्मा तिथंच गळून पडला. निम्माच म्हणतो, कारण खाट म्हणजे सगळं नव्हे. केईएमच्या ओपीडीत वर्षाला सुमारे अठरा लाख माणसं येतात. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे ताप रांगेनं येतात. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेश-बिहारमधून मुंबईत आलेला माणूस शेवटचा उपाय म्हणून त्या दारात उभा असतो. नागपुरात मिहान प्रकल्पातल्या एम्सच्या आवारात विदर्भाबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगडचे रुग्ण येतात. तिथं सिकलसेलचे रुग्ण दिसतात, मुंबईतल्या विद्यार्थ्याला ते इतके सहज दिसणार नाहीत. मात्र शहरातले अपघात आणि विषबाधा आजही बऱ्याचशा जुन्या सवयीनं 'मेडिकल' आणि 'मेयो' या जुन्या सरकारी रुग्णालयांकडे जातात. तेव्हा प्रश्न पेशंट किती हा राहिला नाही. कोणता पेशंट, आणि त्याला पहिला हात कोण लावतो, हा राहिला.

इथं एका गोष्टीचं श्रेय मुलीला द्यायला हवं. राज्याचा पसंतीक्रम भरण्याआधी ती डोंबिवलीच्या मावशीकडे जाऊन केईएम बघून आली होती, आणि प्रवेशाच्या वेळी नागपूरचा कॅम्पसही. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की इमारती, लायब्ररी, जिम बघू नकोस, त्या सगळीकडे असतात. दोन्हीकडे इंटर्नना, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी वॉर्डात काम शिकणाऱ्यांना, गाठायचं आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा : गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतःच्या हातानं काय काय केलंत? 'कॉलेज कसं आहे' असं विचारलं तर 'मस्त आहे' नाहीतर 'डोक्याला ताप आहे' असं उत्तर मिळतं, आणि दोन्हीचा उपयोग नसतो. हाताला विचारलं की माणूस खरं सांगतो.

तिनं उत्तरं वहीत लिहून आणली होती. ती वही मी बघितली.

परळच्या एका इंटर्ननं सांगितलेलं : मेडिसिनच्या वॉर्डात सकाळच्या राउंडआधी सगळी ब्लड कलेक्शन्स, त्यात शिरा न सापडणारे दोन म्हातारे. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर, एका बेशुद्ध माणसाची एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी). रात्रीच्या इमर्जन्सीत रेसिडेंट दुसऱ्या पेशंटमागं असताना तिनं एकटीनं हिस्टरी घेतली आणि निदान बरोबर निघालं. नातेवाइकांना समजावणं रोजचंच. "शिकवायला कुणाला वेळ नसतो, पण विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही."

नागपूरच्या एका इंटर्ननं सांगितलेलं : कामं त्याच जातीची, संख्येनं कमी. पण कन्सल्टंटसमोर दोन केस पूर्ण प्रेझेंट केल्या, त्यातल्या एकीवर अर्धा तास चर्चा झाली. डिस्चार्ज कार्डावरचा शब्द न् शब्द सरांनी तपासला. एका रिसर्च प्रोजेक्टचा डेटा भरणं चालू. "सर नावानं ओळखतात. चुकलं की लगेच कळतं."

दोन माणसांच्या बोलण्यावरून अख्ख्या संस्थेचा निवाडा होत नाही हे मलाही कळतं. पण ही उत्तरं दोन्ही संस्थांच्या घडणीशी जुळतात. एम्स नागपूरची पहिली बॅच २०१८ ची, ५० मुलांची. तिचे वर्ग सुरुवातीला नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारात भरले. मिहानमधल्या दीडशे एकरांच्या संकुलाचं लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ ला झालं. बॅच लहान, शिक्षक तरुण, परीक्षा संस्थेची स्वतःची. तिथं शिस्त लिहून ठेवलेली आहे आणि ती पाळली जाते. केईएमला अजून एक चीज आहे, जी लिहून ठेवता येत नाही. १९२६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती, की शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. इंग्रज अंमलात ही अट घालायला छाती लागत होती. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन. पुढं १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथंच भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून इथंच टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. हा इतिहास सांगताना माझा आवाज जरा चढतो, हे गुरुजींच्याही लक्षात आलं. पण मुलगी इतिहासातून शिकणार नसते. तिच्या कामाचं इतकंच असतं, की तिथल्या प्रत्येक युनिटमध्ये इंटर्नच्या वर ज्युनिअर रेसिडेंट, त्याच्या वर सीनिअर रेसिडेंट, त्याच्या वर लेक्चरर अशी उतरंड पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि हातातलं कौशल्य त्या उतरंडीतून खाली येतं. नव्या संस्थेत ही उतरंड बनायला वेळ लागतो. नागपूरची ती बनते आहे.

मग पैशाचं. एम्सची वर्षाची फी काही हजारांत. केईएमची लाखाच्या पुढं, शिवाय मुंबईचा मेस, प्रवास, वरखर्च. मुलींसाठी शासनानं जुलै २०२४ मध्ये काढलेला शंभर टक्के शुल्कमाफीचा निर्णय आहे, पण तो ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांसाठी. गुरुजींची नोकरी जुनी, पगार त्या रेषेच्या वर, त्यामुळे तो दरवाजा बंद. साडेचार वर्षांत पाच-सहा लाखांचा फरक नक्की पडणार होता. शिक्षकाच्या घराला ही रक्कम लहान नाही, आणि धाकट्याचं शिक्षण पुढं आहेच. गुरुजींनी हे शांतपणे मांडलं. मुलीसमोर मांडलं, हे मला फार आवडलं. अनेक घरांत पैशाची गोष्ट मुलांपासून लपवतात आणि मग 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून निर्णय सांगतात.

माझं मत मी तिथं स्पष्ट दिलं. घर गहाण पडणार असेल तर एम्स, पुढं चर्चाच नको. एम्सची जागा म्हणजे तडजोड नव्हे. पण कर्ज न काढता किंवा झेपेल एवढ्या कर्जात भागत असेल, तर पैसा हा निर्णायक मुद्दा धरू नये. गुरुजींनी पीएफ आणि सोसायटीचा हिशोब केला. ओढाताण होईल, पण निभेल असं निघालं.

सगळ्यात जास्त वेळ गेला बाँडवर. राज्याच्या आणि महापालिकेच्या कॉलेजातून एमबीबीएस झालं, की इंटर्नशिपनंतर एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. एम्स केंद्राची संस्था, तिथं राज्याची ही अट नाही. मामांचं म्हणणं, "एक वर्ष वाया. तेवढ्यात पीजीची, म्हणजे एमडी-एमएसची, तयारी होते." हेच मत मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी मला त्याचं वाईट वाटतं. प्राथमिक आरोग्य केंद्रावर एकट्या डॉक्टरनं काढलेलं वर्ष वाया जातं? तिथं अडलेलं बाळंतपण आधी कुठं पाठवायचं ते ठरवावं लागतं. साप चावलेल्या माणसाला अँटीव्हेनम सुरू करून शेजारी बसावं लागतं. पोस्टमॉर्टेम करावं लागतं, पोलिसांना कागद द्यावे लागतात, लसीकरणाचं शीतपेटीपासूनचं सगळं सांभाळावं लागतं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुग्णांशेजारी रात्री काढून सुरू केलं, पुढं त्यावर प्राझोसिन या औषधाचा वापर सिद्ध केला, आणि ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचलं. सगळ्यांना ते जमणार नाही. पण जिथून हे घडलं त्या जागेवरच्या वर्षाला वाया गेलेलं म्हणणं मला पटत नाही. पीजी प्रवेश एक वर्ष लांबू शकतो हे खरं, आणि ज्या मुलाला सुपरस्पेशालिटीच करायची आहे त्यानं ते वर्ष हिशोबात धरावं. या मुलीला मेडिसिन करून मराठवाड्यात परत यायचं होतं. तिनं स्वतःच विचारलं, "काका, बाँडला आपल्याकडचं केंद्र मागता येतं का?" तो मुद्दा तिथं मिटला.

पीजीचा मुद्दा मी वहीत फार वर जाऊ दिला नाही. नीट पीजी दोन्हीकडच्या मुलांना द्यावीच लागते, एम्सच्या पीजी जागांसाठीची आयएनआय सीईटी वर्षातून दोनदा होते आणि तीही दोघांना खुली. मामांनी मध्येच दिल्लीचं मौलाना आझाद मेडिकल कॉलेज का धरलं नाही असंही विचारलं. त्यावर सांगितलं, की जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीजीला रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, संस्थेनुसार प्राधान्य, म्हणजे त्याच संस्थेत एमबीबीएस केलेल्यांना झुकतं माप, मात्र ठरावीक मर्यादेत चालतं. तेव्हा एमबीबीएसला राज्याबाहेर जाताना पुढच्या पायरीचाही विचार करून जावं. बाकी अठराव्या वर्षी चोविसाव्या वर्षाची परीक्षा डोक्यावर घेऊन कॉलेज निवडणं मला पटत नाही. नियम तोवर बदलतात, मूलही बदलतं.

आता खरी अडचण. एवढं सगळं मांडून झाल्यावरही गुरुजींचा कल नागपूरकडे होता. कारण विचारल्यावर म्हणाले, "झालंय ना तिथं सगळं. उगा कशाला हलवायचं?" कॅम्पस आवारातच, होस्टेल आवारातच, गेटवर पहारा, लेक सुरक्षित. बापाच्या जिवाला हे पटणारच. पण यातलं सुरक्षिततेचं कारण वेगळं आणि 'झालंय ना सगळं' हे वेगळं. पहिल्याचा विचार करायलाच हवा. दुसरं हे कारण नव्हे, तो थकवा आहे. महिनाभर पोर्टल, ओटीपी, डोमिसाइल, मेडिकल फिटनेस, झेरॉक्सच्या दुकानाच्या खेपा करून माणूस दमतो आणि जे हातात आहे तेच उत्तम असं त्याला वाटायला लागतं. यादी उलट्या क्रमानं लागली असती, आधी केईएम आणि मग एम्स, तर ते केईएमला चिकटून बसले असते. हे मी त्यांना तसंच सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

सुरक्षिततेवर उत्तर आईनं दिलं. "मुंबईतही तिला कुणी ओळखत नाही न् नागपुरातही नाही. मावशी डोंबिवलीला आहे, रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबई. नागपूरला आपलं कोण आहे?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

मग मी मुलीला विचारलं. तोवर ती फारशी बोललीच नव्हती. तिनं सांगितलं ते जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो. "नागपूरला मला चांगले मार्क पडतील काका, हे मला दिसतंय. तिथं सगळं नीट आखलेलं आहे आणि आखलेलं मला जमतं. पण मार्क मला कुठंही पडतील. मला पेशंटशी बोलायची भीती वाटते. त्या परळच्या ताई सांगत होत्या, की पहिल्या महिन्यात रडू यायचं, मग येईनासं झालं. मला ते करायचंय."

मला विचाराल तर या प्रकरणाचा निकाल इथं लागला. दुसरं एखादं मूल, ज्याला गर्दीत हरवायला होतं, ज्याला शिक्षकानं जवळ बसवून शिकवलं की फुलतं, किंवा ज्याचा ओढा संशोधनाकडे आहे, त्याला मी याच आकड्यांवर एम्स नागपूर घे असं सांगितलं असतं आणि मनापासून सांगितलं असतं. कॉलेजं तीच, कागदही तेच. फरक त्या मुलात.

पुढची धावपळ सांगायला हवी, कारण तिथं अनेकांचे प्रवेश अडकतात. एम्सची जागा सोडायची म्हणजे कोऱ्या कागदावर अर्ज लिहून देऊन चालत नाही. कमिटीच्या पोर्टलवरून कॉलेजनं काढलेलं राजीनाम्याचं पत्रच ग्राह्य धरतात. ते निघालं नाही तर जागा तुमच्याच नावावर राहते आणि पुढच्या फेऱ्यांत घोळ होतो. बापलेक रात्रीच्या बसनं नागपूरला गेले. तिथल्या कार्यालयानं पोर्टलवर राजीनामा नोंदवून पत्र दिलं. ओरिजिनल्स परत घेताना गुरुजींनी यादीवर एकेक टिचकी मारत मोजून घेतले : बारावीचं गुणपत्रक, टीसी, डोमिसाइल, नॅशनॅलिटी, नीटचं स्कोअरकार्ड. संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, सकाळी थेट परळ. पिशवी रात्रभर गुरुजींच्या उशाखाली. केईएमचा प्रवेश मुदतीत झाला. पुढच्या फेरीसाठी त्यांनी स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला, म्हणजे आता आणखी वरची जागा नको, हीच पक्की. हा फॉर्म न भरता राहिलं तर पसंतीक्रमातल्या वरच्या जागेवर नाव आपोआप सरकू शकतं आणि हातातली जागा जाते. दर वर्षी कुणी ना कुणी या ठिकाणी फसतं.

मुलगी आता पहिल्या वर्षात आहे. अडीचशेच्या बॅचमध्ये तिला कुणी शिक्षक नावानं ओळखत नाही, याचा तिला सुरुवातीला त्रास झाला. अ‍ॅनाटॉमीच्या टेबलावरच्या मुलींचा गट जमल्यावर तो कमी झाला. मुंबईचा खर्च गुरुजींच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला, आणि पुढच्या वर्षी शैक्षणिक कर्ज घ्यायचं त्यांनी ठरवलं आहे. अलीकडे ती कुटुंब दत्तक कार्यक्रमात एका घरी गेली. ब्लड प्रेशरची गोळी मध्येच सोडून देणाऱ्या बाईंशी बराच वेळ बोलली, गोळी का सोडली ते विचारून घेतलं, आणि मला फोनवर सगळं सांगितलं. आवाजात आनंद होता. हा कार्यक्रम आता एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. नागपूरलाही तिला अशी घरं मिळालीच असती, हे मी तिच्या वडिलांना सांगितलं. केईएम निवडल्याचा खरा फायदा-तोटा वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून कळायला लागेल.